किल्ल्या बदलून गिटार सुरात राहते? मला नाही पटत

सातरस्ता_स्ट्रॅट
हौसेनं गिटारी दुरुस्त करतो. माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या पोराचं एकच म्हणणं, "दादा, ट्युनिंग टिकेना, लॉकिंग किल्ल्या बसवून द्या." (किल्ली म्हणजे तार ताणायची खुंटी. लॉकिंगवाली तार आतच आवळून धरते.) नऊ हजारांची गिटार आणि साडेतीन हजारांच्या किल्ल्या! किल्लीत वर्म गिअर असतो. आपण बोटानं पिळली तर पोस्ट (तार गुंडाळायचा दांडा) फिरतो, पण तारेनं कितीही ओढलं तरी पोस्ट मागे फिरत नाही. म्हणजे सूर उतरतो तो बहुतेक दुसरीकडूनच. माझा पहिला संशय नटवर. (नट म्हणजे मानेच्या टोकाची खाचांची पट्टी. बोल्टचा नट घेऊन एकजण खरंच आला होता.) G ची तार बेंड करून, म्हणजे बोटानं बाजूला ताणून, सोडा. सूर उतरला असेल तर नट आणि किल्लीच्या मधली तार बोटानं दाबून सोडा. सूर जागेवर आला की समजा, तार खाचेत अडकत होती. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा. पाच रुपयांत काम.

जुळेकर_६
असहमत. पोस्ट मागे फिरत नाही हे कबूल, पण स्वस्त किल्लीच्या दातांत मोकळीक किती असते! माझ्या जुन्या गिटारीत अर्धा फेरा फिरवला तरी सूर हलायचा नाही, मग एकदम उडी मारायचा. पोस्ट बोटानं हलवला की डुगडुगायचा. पेन्सिल घासून ते जातं का? आता १८:१ च्या लॉकिंग किल्ल्या आहेत, म्हणजे किल्ली १८ वेळा फिरली की पोस्ट एकदा. केसभर सूर हलवता येतो. शिवाय लग्नाच्या ऑर्केस्ट्रात तार तुटली तर वेढे घालत बसायचं का? भोकात घाल, आवळ, काप, संपलं.

सातरस्ता_स्ट्रॅट
तार लवकर बदलते हे मान्य. पण ती सोय झाली, सूर टिकण्याचा इलाज नव्हे. दोन-तीन वेढे खालच्या दिशेनं एकाला एक चिकटून घातले तर साध्या किल्लीवरही तार घसरत नाही. आणि मोकळीक असेल तर सूर नेहमी खालून वर चढवत लावायचा. चढला तर आधी खाली उतरवा, मग परत वर. डुगडुग पोस्टच्या पुढच्या षटकोनी नटमुळेही असते, १० च्या पान्यानं हलकेच आवळून बघा. जोर लावाल तर पॉलिश तडकेल.

कडकभाकरी
वाद बाजूला ठेवा, माझं दुखणं ऐका. जुन्या क्लूसन पद्धतीच्या किल्लीचं भोक साधारण ८.७ मिलिमीटर, ग्रोव्हर-शॅलर पद्धतीचं १०. मी न मोजताच १० वाल्या मागवल्या. एमआयडीसीतल्या एका ओळखीच्यानं "त्यात काय" म्हणत हातड्रिलनं सरळ १० चा बिट घातला. हेडस्टॉकच्या (किल्ल्या बसतात त्या मानेच्या टोकाच्या) पुढचा रंग पापडासारखा उडाला. मी नुसता बघत बसलो. आता सांगतो, आधी व्हर्नियर लावा. भोक वाढवायचंच असेल तर रीमर (भोक हळूहळू रुंद करायचं हत्यार) घ्या आणि दोन्ही बाजूंनी थोडं थोडं करा. त्यापेक्षा जुन्याच मापाच्या किल्ल्या घ्या.

जुळेकर_६
आई गं. मागच्या स्क्रूंच्या जुन्या भोकांचं काय केलं?

कडकभाकरी
टूथपिक आणि फेव्हिकॉल. रात्रभर वाळू दिलं, सकाळी दीड मिलिमीटरचा बिट, स्क्रूला साबण. तरी एका स्क्रूची मुंडी तुटून दांडी आत राहिलीच.

होटगीरोड_बेस
मे महिन्यात दुपारी लॉनवर वाजवणाऱ्यांनी किल्लीला शिव्या देऊ नयेत. पारा ४२ वर असताना उन्हातली पोलादी तार लांबते आणि सूर उतरतो. पंख्याखाली लावलेली गिटार मंचावर नेली की परत लावायचीच. जुळेकर, तुमची १८:१ काय करणार तिथं?

आणि हलक्या अंगाच्या गिटारीला जड किल्ल्या घालू नका. माझ्या एसजीसारख्या गिटारीची मान आधीच खाली झुकायची, किल्ल्या बदलल्यावर डाव्या हातानं मान सावरू की कॉर्ड धरू असं झालं. फ्लॉइड रोझ (तार नटवर आवळणारी ब्रिजची पद्धत) वाल्यांनी तर लॉकिंगच्या नादी लागूच नये. तिथं तार नटवरच आवळलेली असते, किल्लीपर्यंत ओढ पोचतच नाही.

जुळेकर_६
ऊन मान्य, वजन मान्य, फ्लॉइड रोझही मान्य. पण एका रांगेत सहा किल्ल्या असतील तर कमी-जास्त उंचीच्या पोस्टचा सेट घ्या. पातळ तारांचे पोस्ट बुटके, म्हणून नटवर दाब चांगला येतो आणि तार दाबून धरणारी ती खिटी बहुतेक वेळा लागत नाही. अडकायची एक जागा कमी झाली. म्हणजे सूर टिकला की नाही किल्लीनं?

सातरस्ता_स्ट्रॅट
हा मुद्दा मात्र चोख. पण खिटीखाली पेन्सिल घासून बघितली होती का बे?

जुळेकर_६
नाही.

सातरस्ता_स्ट्रॅट
रविवारी जुनी गिटार घेऊन ये, जुन्या किल्ल्यांसकट. वीस बेंड मारू. सूर उतरला तर शेंगा चटणी माझ्याकडून, अर्धा किलो.

कडकभाकरी
मी पण येतो. ड्रिल आणू नका फक्त.