मदत हवी आहे : खाण भरलेली जमीन, माती अहवाल चांगला, तरी रोपं पिवळी

वर्धाकाठ : वणी तालुक्यात उघड्या कोळसा खाणीची भरून सपाट केलेली ४ हेक्टर जमीन आहे. खाली वालुकाश्म-शेलचा भराव, वर परत पसरलेली काळी माती, कुठे २५ तर कुठे ४० सेंमी. अहवाल : सामू (pH) ७.९, ई.सी. (क्षारांचं प्रमाण) ०.४, सेंद्रिय कर्ब १.४ टक्के, उपलब्ध नत्र हेक्टरी १९० किलो. करंज आणि बांबू पिवळे पडतात, पावसात पाणी तुंबतं, खालच्या बांधाला तांबूस ओघळ येतात. चुना टाकावा की जिप्सम? आणखी कुठल्या तपासण्या कराव्यात?

काळीरान : १.४ टक्के कर्बावर जाऊ नका. वॉकली-ब्लॅक या कर्ब मोजण्याच्या नेहमीच्या प्रयोगशाळा पद्धतीत कोळशाची भुकटीसुद्धा काही अंशी कर्ब म्हणून मोजली जाते आणि रोपाला तिचा काडीचा उपयोग नाही. हेक्टरी २८० किलोच्या खालचं नत्र कमीच धरतात, त्यामुळे खरं बोलतोय तो नत्राचा आकडा. तोही पूर्ण नाही. प्रयोगशाळा २ मिमी चाळणीतून पडलेलीच माती तपासते. चाळणीवर उरलेले खडे तोला. वजनाने निम्मे निघाले तर १९० चे साधारण ९५ समजा.

नमुने पुन्हा घ्या. मातीची जाडी आणि रंग बघून पट्टे पाडा, दर पट्ट्यात १५-२० ठिकाणं. ०-१५ आणि १५-३० सेंमी वेगळे, भरावाचा नमुना तिसरा. ओघळाजवळची माती यात मिसळलीत तर सरासरीत ती दिसणारच नाही. खताच्या रिकाम्या गोणीत नमुना भरू नका, आणि सावलीतच वाळवा.

शेलखडक : तांबूस ओघळ म्हणजे बहुधा शेलमधलं पायराइट, म्हणजे लोह-गंधकाचं खनिज. हवा-पाणी लागलं की त्यातून सल्फ्युरिक आम्ल सुटतं. आजचा सामू उद्याचं आम्ल दाखवत नाही, म्हणून भरावाची पेरॉक्साइड चाचणी करून घ्या : २.५ ग्रॅम दळलेला नमुना, १५ टक्क्यांचं २५० मिली हायड्रोजन पेरॉक्साइड, रात्रभर ठेवून मग बुडबुडे थांबेपर्यंत तापवायचं, गार झाल्यावर सामू. ४.५ च्या खाली गेला तर धोका. हे प्रयोगशाळेतच, घरी नको, फसफसून उतू जातं. कोळसा जास्त असेल तर सेंद्रिय आम्लांमुळेही सामू पडतो, म्हणून पायराइटचं गंधक वेगळं मोजून खात्री करा.

हिशेब : १००० टन मातीत १ टक्का असं गंधक असेल तर ते आम्ल मारायला ३१.२५ टन शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट (चुनखडीतला मुख्य घटक) लागतं. हेक्टरचा १५ सेंमी थर सुमारे २२४० टनांचा, म्हणजे दर ०.१ टक्क्याला ७ टन. चुनखडी बारीक दळलेली हवी आणि ती भरावात मिसळायला हवी. ७.९ सामूच्या काळ्या मातीवर पसरलीत तर नुसती पडून राहील. जिप्सम जमीन चोपण असेल तरच, म्हणजे विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम) १५ टक्क्यांच्या वर.

नांगरफाळ : पाणी तुंबण्याचं कारण बहुतेक घट्टपणा. ओल्या काळ्या मातीवर डंपर-डोझर फिरले की माती आणि भराव यांच्या सांध्यावर कडक थर बसतो. कोअर कटरने (मातीत ठोकायची नळी) स्थूल घनता, म्हणजे ठरावीक आकारमानाच्या मातीचं कोरडं वजन, काढा. चिकण मातीत घनसेंमीला १.४५ ग्रॅमच्या वर मुळं अडतात. काळी माती सुकली की आकसते आणि आकडा वाढतो, म्हणून सगळे नमुने सारख्या ओलीला घ्या.

उपाय एप्रिल-मेमध्ये, जमीन कोरडी असताना : रिपर (खोल चिरणारा फाळ) ६० सेंमी खोल, ओळींत मीटरभर अंतर, समतल रेषेवर. ओल्यात फाळ फक्त चीर पाडतो, ढेकूळ फुटत नाही. खड्डा खणून ते फुटलंय का बघा.

शेलखडक : थांबा, ओघळाच्या पट्ट्यात रिपर नको. २५ सेंमी मातीखालचा आम्लधर्मी भराव वर येईल. तिथे चुनखडी आणि वरून मातीचा जाड थर.

वर्धाकाठ : मग बाकी पट्ट्यांत पावसाआधी काय पेरू?

नांगरफाळ : हेक्टरी १५ टन शेणखत आणि ताग किंवा धैंचा ही हिरवळीची पिकं. फुलोऱ्याआधी मातीत गाडा. नत्राची तपासणी पावसाळा संपल्यावर, त्याच ठिकाणी, त्याच खोलीला. पिवळी करंजं तोवर उपटू नका, पाणी उतरायला लागलं की बरीच सावरतात.