समाजशास्त्रात एम. ए.: कलिना येथील विद्यापीठ विभाग की घराजवळचे महाविद्यालय?

बदलापूर स्लो:

नमस्कार. माझ्या भाचीने यंदा समाजशास्त्र घेऊन बी. ए. पूर्ण केले असून तिला पुढे एम. ए. करावयाचे आहे. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या एका संलग्न महाविद्यालयात हा अभ्यासक्रम उपलब्ध आहे. दुसरा पर्याय म्हणजे मुंबई विद्यापीठाचा कलिना संकुलातील समाजशास्त्र विभाग. पदवी दोन्हीकडे एकाच विद्यापीठाची मिळणार, मग बदलापूरहून कुर्ल्यापर्यंत उभ्याने प्रवास करायचा, पश्चिमेला बाहेर पडून रिक्षासाठी रांग लावायची आणि संध्याकाळी तेच उलट दिशेने करायचे, हा खटाटोप कशासाठी, असे तिच्या वडिलांचे म्हणणे आहे. विद्यापीठ म्हणजे परीक्षा घेणारे आणि निकाल लावणारे कार्यालय, शिकवतात ती महाविद्यालयेच, असे त्यांचे ठाम मत आहे. भाचीचे उत्तर असे की, तीन वर्षे मुंबई विद्यापीठाची विद्यार्थिनी म्हणवून घेऊनही आपला विद्यापीठाशी संबंध आला तो केवळ हॉल तिकिटापुरता, आणि म्हणूनच आता तेथे जायचे आहे.

या विद्यापीठाचा एवढा नावलौकिक नेमका कशामुळे आहे आणि विभागात शिकणे व महाविद्यालयात शिकणे यांत प्रत्यक्ष फरक काय पडतो, हे जाणकारांनी सविस्तर लिहावे. आमच्या भावजींना भावनेपेक्षा माहिती पटते.

ओव्हलच्या कडेने:

आपल्या भावजींचे मत आजच्या संदर्भात अपुरे असले, तरी इतिहासाच्या दृष्टीने ते चुकीचे नाही. 1854 साली चार्ल्स वुड यांनी पाठवलेल्या शैक्षणिक खलित्यात कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे स्थापण्याची शिफारस होती आणि त्यासाठी नमुना घेतला होता तो लंडन विद्यापीठाचा, म्हणजे स्वतः न शिकवता परीक्षा घेऊन पदव्या देणाऱ्या संस्थेचा. त्यानुसार 18 जुलै 1857 रोजी, उत्तर हिंदुस्थानात उठाव पेटलेला असताना, मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला. त्याच्या उद्देशिकेतच परीक्षेद्वारे प्रावीण्य पारखणे आणि पदवी देऊन त्याचा गौरव करणे एवढेच काम विद्यापीठाकडे सोपवलेले दिसते. शिकवण्याची व्यवस्था त्याआधीच उभी होती. विल्सन महाविद्यालयाचे मूळ 1832 सालापर्यंत जाते, एल्फिन्स्टनचे 1835 पर्यंत, आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय 1845 साली सुरू झाले. थोडक्यात, लेकरे आधी जन्मली आणि आई मागाहून आली.

पहिली मॅट्रिक परीक्षा 1859 साली झाली. 1862 साली पहिले बी. ए. बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. पुढे याच रानड्यांना, विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून हद्दपार झालेल्या मराठीसारख्या देशी भाषा परत आणण्यासाठी, आयुष्याच्या उत्तरार्धात विद्यापीठातच खटपट करावी लागली, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. त्यानंतरच्या पिढीत याच एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बाबासाहेब आंबेडकर पदवीधर झाले. विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी मात्र पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातून आली, कारण तेव्हा पुणे, गुजरात, सिंध आणि कर्नाटकचा मोठा भाग या एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली होता. 1947 नंतरच्या दोनतीन वर्षांत तेथे स्वतंत्र विद्यापीठे निघाली आणि मुंबईचा पसारा आटोपशीर झाला.

राजाबाई टॉवरविषयी आपण विचारले नाही, तरी या विषयावर लिहिताना तो टाळणे अवघड आहे. कापसाच्या तेजीत अमाप संपत्ती मिळवलेल्या प्रेमचंद रायचंद यांनी 1864 साली ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि पाठोपाठ आपल्या आईच्या, राजाबाईंच्या, नावाने मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले. अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच 1865 साली कापसाचा बाजार कोसळला आणि त्यात ते स्वतःही बुडाले, परंतु देणगी विद्यापीठाच्या पदरात पडलेली होती. 1869 साली पाया घातला गेला आणि 1878 साली 280 फुटांचा मनोरा उभा राहिला. शेजारचे दीक्षान्त सभागृह सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून 1874 साली पूर्ण झाले. दोन्हींचा आराखडा काढणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईला कधी आलेच नाहीत. सभागृहात उभे राहून मागे पाहिले, तर बारा राशींची रंगीत काचचित्रे बसवलेली भली मोठी गोल खिडकी दिसते. 

येथे आपल्या भावजींना दुजोरा देणारी एक गोष्ट नमूद करतो. हाती पैसा आल्यावर विद्यापीठाने ज्या दोन भव्य वास्तू बांधल्या, त्यांपैकी एक पदव्या वाटण्यासाठी होती आणि दुसरी पुस्तके ठेवण्यासाठी. शिकवण्यासाठी काहीच बांधले नाही, कारण शिकवणे हे आपले काम आहे असे विद्यापीठ तेव्हा मानतच नव्हते.

हे चित्र विसाव्या शतकात बदलले, आणि तो बदल आपल्या भाचीच्या विषयापासूनच ठळकपणे दिसतो. 1919 साली स्कॉटिश समाजशास्त्रज्ञ पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली सुरू झालेला मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग हा देशातील या विषयाचा पहिला पदव्युत्तर विभाग होय. 1924 पासून गो. स. घुर्ये यांनी तो सांभाळला. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास आणि अ. र. देसाई हे त्यांचे विद्यार्थी. तिघांची मते एकमेकांशी जुळणारी नाहीत आणि गुरूशीही नाहीत, ही त्या विभागाची खरी पुण्याई. 1933 साली निघालेला रसायन तंत्रज्ञान विभाग पुढे माटुंग्याला गेला, नावारूपाला आला आणि 2008 साली अभिमत विद्यापीठ होऊन वेगळाही झाला.

डॉ. आंबेडकरांनी 1924 च्या सुमारास विद्यापीठ सुधारणा समितीला दिलेल्या लेखी उत्तरांत, केवळ परीक्षा घेणारे विद्यापीठ अपुरे आहे आणि अध्यापनाची संशोधनापासून फारकत करू नये, अशी भूमिका मांडली होती. विभागात जावे की नाही, या प्रश्नाचे माझे उत्तर त्या भूमिकेजवळ जाणारे आहे. ज्या ठिकाणी शिकवणारी माणसे स्वतः काही शोधत असतात, तेथे शिकावे.

कॅप सेंटर:

वरील प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, परंतु त्यातील शेवटच्या वाक्यावरून महाविद्यालयांत कोणी काही शोधत नाही, असा अर्थ निघू शकतो. मी संलग्न महाविद्यालयात शिकवतो, म्हणून काही गोष्टी मांडणे आवश्यक वाटते.

आज विद्यापीठाचे क्षेत्र मुंबई शहर व उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा सात जिल्ह्यांत पसरले आहे. 2021 साली उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅककडून विद्यापीठाला ए प्लस प्लस श्रेणी मिळाली, तेव्हा तिच्या बातम्या कलिन्याच्या छायाचित्रासह छापून आल्या, परंतु पदवीचे विद्यार्थी जवळजवळ सगळे महाविद्यालयांत बसतात. अभ्यासमंडळांवर महाविद्यालयीन शिक्षक असतात, प्रश्नपत्रिका ते काढतात, उत्तरपत्रिका तेच तपासतात. 2017 साली संगणकाच्या पडद्यावर तपासणी करण्याचा निर्णय पुरेशा तयारीविना घाईने राबवला गेला, सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिकांचा डोंगर अडला आणि काही निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले. अखेर कुलगुरूंना पद सोडावे लागले. त्या पावसाळ्यात शनिवार-रविवार न पाहता केंद्रांवर बसून, मध्येच बंद पडणाऱ्या लॉगिनशी झटत, तो डोंगर उपसला तो दूरदूरच्या महाविद्यालयांतील शिक्षकांनीच. विद्यापीठ म्हणजे कलिना, असे समीकरण मांडताना हेही ध्यानात असावे.

आणखी एक विसंगती सांगतो. रानडे आणि आंबेडकर यांचे नाव घेऊन आपण ज्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाचा अभिमान बाळगतो, ते 2019 पासून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठाचा घटक आहे, म्हणजे मुंबई विद्यापीठात राहिलेलेच नाही. काही जुनी महाविद्यालये स्वायत्त झाली असून आपले अभ्यासक्रम आपणच आखतात. नावलौकिकाच्या वाटण्या अशा होत राहतात, त्यामुळे केवळ नावाकडे पाहून निर्णय घेऊ नये.

प्रत्यक्ष प्रश्नाविषयी बोलायचे, तर त्या महाविद्यालयात जाऊन एवढेच विचारावे: एम. ए. समाजशास्त्रासाठी पूर्णवेळ, मान्यताप्राप्त शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती? अनेक ठिकाणी पदव्युत्तर वर्ग पदवीच्याच शिक्षकांच्या अंगावर जादा भार म्हणून टाकलेला असतो आणि उरलेले तास सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, निभावले जातात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार एम. ए. मध्ये संशोधनपद्धती, क्षेत्रकार्य वा प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि शेवटच्या वर्षात संशोधन प्रकल्प असे घटक आले आहेत. मार्गदर्शक एकच असेल आणि प्रकल्प वीस असतील, तर ते कसे होतात हे मी येथे लिहीत नाही. उलट दोन चांगले पूर्णवेळ शिक्षक असतील, तर लहान वर्गात मिळणारे लक्ष विभागातही मिळणार नाही.

वाचनकक्ष:

मी कलिन्याच्या विभागात शिकले असल्यामुळे इतिहासाऐवजी रोजच्या दिवसाविषयी लिहिते.

प्रथम एक अपेक्षा बाजूला ठेवावी. कलिना संकुल दोनशे एकरांहून मोठे आहे, झाडी भरपूर आहे, इमारतींना रानडे, आंबेडकर, फिरोजशहा मेहता यांची नावे आहेत. परंतु महाविद्यालयात असते तशी कट्ट्यावरची गजबज तेथे आढळत नाही. बहुतेक विद्यार्थी लोकलने येणारे असतात आणि चार वाजल्यापासून प्रत्येकाचे लक्ष घड्याळाकडे असते. वसतिगृहाच्या जागा मागणीच्या मानाने तुटपुंज्या आहेत. युवा महोत्सवाचा जल्लोषसुद्धा मुख्यतः महाविद्यालयांचा असतो. जून-जुलैमध्ये तालमींसाठी जीव टाकणारी मुले तेथील असतात, विभागांची मुले बहुधा प्रेक्षकांत सापडतात. ज्या भाचीने पदवीची तीन वर्षे नाटकात किंवा एन. एस. एस. मध्ये घालवली असतील, तिला सुरुवातीचे काही आठवडे ओकेबोके वाटतील.

परंतु वर्गात शेजारी कोण बसते, हा फरक मोठा आहे. घराजवळच्या महाविद्यालयात माझ्या वर्गातील सगळ्या जणी एकाच दोन स्थानकांच्या परिसरातील होत्या. विभागात माझ्या बाकावर सावंतवाडीची एक मुलगी, नोकरी सोडून आलेला एक बँक कर्मचारी आणि लोकसेवा आयोगाची तयारी करणारा लातूरकडचा एक मुलगा होता. जातीवरील पाठाच्या तासाला पुस्तकातील मुद्दा बाजूला राहून त्या चौघापाचांत जो वाद झाला, तो बाईंनी मुद्दाम थांबवला नाही आणि तास संपल्यावर तो चहाच्या टपरीवर तसाच पुढे चालू राहिला. पुढच्या आठवड्यात त्याच वादातून तिघांचे प्रकल्पाचे विषय निघाले. समाजशास्त्रासारख्या विषयात हे शिक्षण अभ्यासक्रमाइतकेच मोलाचे आहे, असे माझे मत आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे जवाहरलाल नेहरू ग्रंथालय. जुने प्रबंध, नियतकालिकांचे बांधीव खंड आणि जनगणनेचे अहवाल हाताळण्याची सवय तेथे लागते. वाचनकक्षात सकाळी लवकर पोहोचावे, कारण स्पर्धा परीक्षेची मुले पंख्याखालच्या जागा पिशवी, पाण्याची बाटली आणि एखादे जाडजूड पुस्तक ठेवून अडवतात, आणि त्या पिशवीला हात लावण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही.

कार्यालयीन कामकाजाबद्दल मात्र तिने फार आशा बाळगू नये. विभागात शिकत असले तरी गुणपत्रिकेतील चूक दुरुस्त करण्यासाठी परीक्षा भवनातील खिडकीसमोर सर्वांसारखेच उभे राहावे लागते. एवढेच की, ती खिडकी संकुलातच असल्याने त्यासाठी वेगळी सुटी काढावी लागत नाही.

बदलापूर स्लो:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. 'कॅप सेंटर' यांनी सुचवलेला प्रश्न आम्ही संबंधित महाविद्यालयात विचारला. पूर्णवेळ शिक्षक एकच असून बाकीच्यांच्या नेमणुका ऑगस्टमध्ये होतील, असे सांगण्यात आले. हे ऐकल्यावर भावजींचा विरोध बराच मावळला. घुर्ये यांच्याबद्दल त्यांनी स्वतः पुन्हा एकदा वाचून घेतले, हे विशेष. आता त्यांची एकच काळजी उरली आहे, ती म्हणजे संध्याकाळचा परतीचा प्रवास. 'वाचनकक्ष' यांनी त्याबद्दल काही सांगितले तर बरे होईल.

वाचनकक्ष:

संध्याकाळी सहाच्या सुमारास कुर्ल्याला बदलापूर गाडीत शिरणे जवळजवळ अशक्य असते, महिलांच्या डब्यातही, कारण गाडी मागूनच भरून येते. त्यामुळे तास संपताच चारच्या आत निघावे, नाहीतर ग्रंथालयात बसून गर्दी ओसरल्यावर निघावे. मधली वेळ टाळावी. फार उशीर होणार असेल, तर विभागातील कल्याणकडे जाणाऱ्या मुलींबरोबर संकुलाच्या फाटकापासूनच एकत्र रिक्षा करावी. अशा मुली प्रत्येक वर्गात असतात, आणि पहिल्याच आठवड्यात कोण कोणत्या स्थानकावर उतरते याची यादी त्यांच्यात आपोआप तयार होते. रेल्वेचा सवलतीचा पास काढण्यासाठी लागणारा अर्ज विभागाच्या कार्यालयातून मिळतो. प्रवेश निश्चित झाल्याच्या दिवशीच तो मागून घ्यावा, कारण नंतर त्या टेबलाशीही रांग लागते.