'आमचं आम्ही कमावलं' या लेखाला उत्तर: १९६५ चा कायदा आणि आपण

गोदाकाठ
परवा इथे 'आमचं आम्ही कमावलं' असा लेख आला. लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं: वडील १९७१ साली खिशात आठ डॉलर घेऊन अमेरिकेत उतरले, रात्रीचा दिवस केला, घर घेतलं, मुलं शिकवली, तेव्हा काळ्यांच्या नागरी हक्कांच्या चळवळीचं आपण काहीएक देणं लागत नाही. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

वडिलांच्या कष्टांबद्दल शंका नाही. पण विमानतळावर त्यांच्या पासपोर्टवर शिक्का पडला तो कशाच्या जोरावर? १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानासकट जवळजवळ सगळ्या आशियाला दार लावून घेतलं होतं. १९२३ साली भगतसिंग थिंड अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात हरले. अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेला माणूस, पण गोरा नाही म्हणून नागरिकत्व नाही. आधी ज्यांना मिळालं होतं अशा कित्येकांचंही काढून घेतलं. १९४६ साली दार किलकिलं झालं, तेही किती? वर्षाला शंभर माणसं. अख्ख्या देशातून शंभर!

मग ३ ऑक्टोबर १९६५ ला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सनने लिबर्टी बेटावर स्थलांतराच्या नव्या कायद्यावर सही केली आणि एकेका देशाची मर्यादा २०,००० वर गेली. त्याआधी दोनच महिने, ६ ऑगस्टला, त्याच माणसाने मतदान हक्काच्या कायद्यावर सही केली होती. आणि मार्चमध्ये सेल्माच्या पुलावर, याच मतदान हक्कासाठीच्या मोर्चात, पोलिसांच्या दांडक्याने चळवळीतल्या जॉन लुईसची कवटी फुटली होती. या तीन तारखा शेजारी शेजारी लिहून बघा आणि मग सांगा, काही देणं लागत नाही.

एडिसनकर
लेख माझाच, उत्तर मीच देतो. शेजारी शेजारी तारखा लिहिल्या म्हणजे कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तो कायदा मागत होते इटालियन, ग्रीक, पोलिश आणि ज्यू लोक. ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो ते खासदार इमॅन्युएल सेलर १९२४ पासून, कुठल्या देशातून किती माणसं घ्यायची ते ठरवणाऱ्या कोट्यांविरुद्ध भांडत होते. आशियातून इतके लोक येतील असं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. तेव्हाचे ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांनी तर संसदेच्या समितीपुढे सांगितलं, आशियातून पहिल्या वर्षी पाचेक हजार येतील, पुढे ओघ आटेल. आपण चुकून आत आलो आणि टिकलो ते कामावर. माझे वडील व्हीजेटीआयचे इंजिनियर. नुअर्कच्या गोदामात रात्रपाळीला खोकी मोजायचे आणि दिवसा नोकरीचे अर्ज टाइप करायचे. त्या रात्री कुठल्या चळवळीने भरून दिल्या नाहीत.

गोदाकाठ
सेलर यांचं नाव तुम्हीच काढलंत ते बरं झालं. चाळीस वर्षं भांडून त्यांना काय मिळालं? १९५२ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमनचा नकाराधिकार मोडून अमेरिकेच्या संसदेने, काँग्रेसने, कोटे कायम ठेवले. तेच १९६५ साली का मोडले? कारण १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने वंशावरून हॉटेलात, नोकरीत भेद करायला बंदी केली होती. घरात एक न्याय आणि बंदरावर दुसरा, हे बोलायची सोय उरली नव्हती. सिनेटमध्ये विरोधात गेलेली बहुतेक मतं दक्षिणेची होती. हाही योगायोग का?

शमा_ऑस्टिन
तुम्हा जुन्या मंडळींचं चालू द्या. देणं कुणाचं ते ठरवा सावकाश. ग्रीन कार्डाच्या रांगेतली माझी तारीख, प्रायॉरिटी डेट, २०१४ ची आहे. पंधरा वर्षं इथे टॅक्स भरतेय. मुलगी पाच वर्षांची असताना आली, आता वीस पूर्ण. एकविसाव्या वाढदिवसाला तिचा एच-फोर, म्हणजे माझ्या व्हिसावर मिळालेला मुलांचा व्हिसा, संपणार. मग हिने कुठे जायचं, पुण्याला? तिला मराठी वाचताही येत नाही. दर महिन्याला रांग कुठवर आली ते सांगणारं सरकारी व्हिसा बुलेटिन उघडायचं आणि तारीख तीन आठवडे सरकली की पेढे वाटायचेच काय ते बाकी. एका देशाला सात टक्केच ग्रीन कार्डं! भारताला तेवढेच, आइसलँडलाही तेवढेच. हा कुठला न्याय?

दिंडोरीवाला
ताई, तुमचं दुःख मान्य. पण ही एका देशाला एक मर्यादा त्या ६५ च्या कायद्यातूनच आली. सगळ्या देशांना सारखं, हेच तर तेव्हा मागितलं होतं. सात टक्के उद्या काढले तर काही वर्षं नोकरीवाली बहुतेक कार्डं भारत आणि चीनला जातील. घानाच्या, फिलिपिन्सच्या नर्सने मग काय करायचं?

आणि अजून एक, जे आपल्यातलं कोणी बोलत नाही. याच कायद्याने मेक्सिकोसकट सगळ्या पश्चिम गोलार्धावर पहिल्यांदा १,२०,००० ची मर्यादा घातली. मेक्सिकन शेतमजुरांना हंगामापुरतं आणणारी ब्रासेरो योजना आदल्याच वर्षी बंद झाली होती. जो माणूस वर्षानुवर्षं कापणीला येऊन परत जायचा, तो आपण आत आलो त्याच दारात 'बेकायदा' ठरला. त्यांना नावं ठेवताना आपली माणसं सर्वांत पुढे असतात.

शमा_ऑस्टिन
घानाच्या नर्सची काळजी करायला सगळे आहेत. वर्षाला १,४०,००० कार्डं, त्यातच नवरा-बायको-मुलंही मोजतात. म्हणजे कामावर आलेल्याच्या वाट्याला निम्मीही नाहीत. हा आकडा १९९० चा. तो वाढवा म्हटलं की सगळे इतिहास शिकवायला लागतात.

दिंडोरीवाला
आकडा वाढवावा याला माझा विरोध कुठे आहे? मर्यादा काढा म्हणणं आणि एकूण कार्डं वाढवा म्हणणं यात फरक आहे, एवढंच. तुम्ही चिडलात म्हणून तो फरक पुसला जात नाही.

शमा_ऑस्टिन
हो, चिडलेय. तुमची मुलगी असती तर?

जर्सीची_लेक
मूळ मुद्द्यावर बोलते. एडिसनकर, १९८७ साली तुम्ही कुठे होतात? आम्ही जर्सी सिटीत. 'डॉटबस्टर्स' म्हणवणाऱ्या टोळक्याने स्थानिक पेपराला पत्र पाठवलं होतं, भारतीयांना गावातून हुसकून लावू म्हणून. डॉट म्हणजे आपलं कुंकू. आई दुकानात जाताना दारामागच्या आरशापुढे उभी राहायची, पदराचं टोक ओलं करून कपाळ पुसायची आणि आल्यावर आधी पिशवी खाली ठेवून परत लावायची. मी नऊ वर्षांची होते. कपाळावरचा लाल डाग पूर्ण जायचा नाही, मग ती केस पुढे ओढायची. तेव्हा आमची पदवी, आमचं काम कोणी विचारलं नाही.

एडिसनकर
जर्सीची_लेक, तेव्हा आम्ही एडिसनलाच होतो. माझी आईही त्या वर्षी टिकली लावायची बंद झाली होती.

काल वडिलांची फाइल काढली. त्यात १९७४ ची एक कार्बन कॉपी आहे, फिकट निळी, प्रत्येक 'ई' ओळीच्या जरा वर चढलेला. जाहिरात बघून फोन केला तेव्हा जागा रिकामी होती, तासाभराने समक्ष गेलो तेव्हा भरली होती, अशी तक्रार. वर १९६८ च्या घरांबाबतच्या कायद्याचा हवाला. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्यावर आठवड्याभरात ज्यावर सही झाली, तोच कायदा. हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही.

गोदाकाठ, चळवळीमुळेच दार उघडलं हे मला अजूनही पटत नाही. सेलर आणि इटालियनांचं श्रेय तुम्ही फार स्वस्तात काढून घेता. पण 'काहीएक देणं लागत नाही' हे वाक्य मी लेखातून काढतोय. बाकी लेख तसाच राहील.

गोदाकाठ
ती तक्रार लेखात घाला. वडिलांच्या नावाशिवाय घातलीत तरी चालेल.

शमा_ऑस्टिन
आणि माझ्या मुलीचं काय?