दादाची दारू: आपलं घर समजून घेणारा काउन्सेलर अमेरिकेत कसा शोधायचा?

ओवी_एडिसन
नमस्कार मंडळी, जरा गंभीर विषय आहे. दादा-वहिनी इथे न्यू जर्सीतच असतात, दादा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, ग्रीन कार्डची फाइल चालू. वर्क फ्रॉम होम सुरू झाल्यापासून त्याची व्हिस्की वाढत गेली, आधी फक्त वीकेंडला, मग रोज, आणि आता तर सकाळी हात थरथरतात म्हणून चहाच्या आधी एक पेग. ऑफिसचं काम करतो, आरडाओरडा नाही, मारहाण नाही, त्यामुळे आई-बाबांना (सध्या इथेच आहेत) वाटतं एवढं काही नाही, सूनबाईने जरा सांभाळून घ्यावं. वहिनी सिंकखालच्या बाटलीवर पेनाने खूण करून ठेवते आणि कुणाशी बोलत नाही, इथल्या मराठी मंडळात कळलं तर काय हीच भीती. कसंबसं एका काउन्सेलरकडे नेलं तर पहिल्याच भेटीत सल्ला मिळाला, सासू-सासऱ्यांना परत पाठवा आणि तुम्ही वेगळ्या राहा. वहिनी एच-फोर वर, म्हणजे दादाच्याच व्हिसावर अवलंबून, नोकरी नाही, पदरात दोन मुलं, जाणार कुठे ती? दादा आता परत जायला तयारच नाही. ट्रीटमेंट घेतली तर व्हिसाचं काही होतं का? बाबा म्हणतात बाटल्या ओतून टाका, दोन दिवस त्रास होईल मग सुटेल.

निशिगंध
ओवी, बाटल्या ओतू नका प्लीज! मी नर्स आहे, इमर्जन्सीत काम करते. सकाळी हात थरथरतात म्हणजे शरीराला दारूची सवय झालीये, अशा माणसाची दारू एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, आणि ते जिवावर बेतू शकतं. दारू सोडवायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली. पुढे ओढ कमी करायला नाल्ट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट अशी औषधं आहेत, लिव्हर-किडनी तपासून देतात. आणि एक, काउन्सेलिंग म्हटलं की आपले पुरुष पाय मागे घेतात पण बीपी आणि लिव्हर चेक करून येऊ म्हटलं तर बरेच जण उठतात, तर सुरुवात फॅमिली डॉक्टरपासून करा.

सोनचाफा_एनजे
मी इथेच सोशल वर्कर आहे. ताई, तुमच्या वहिनीला जो सल्ला मिळाला तो वाचून वाईट वाटलं, घर समजून न घेता कुणी असं सांगू नये. पण एकच अनुभव धरून बसू नका. पुढच्या वेळी अपॉइंटमेंटच्या आधी फोनवरच विचारा, एकत्र राहणाऱ्या कुटुंबांबरोबर काम केलंय का, आई-वडिलांना एखाद्या सेशनला घ्याल का, बायको व्हिसावर अवलंबून आहे हे लक्षात घेऊन बोलाल का. उत्तर टाळलं तर दुसरा शोधा. साउथ एशियन मेंटल हेल्थ इनिशिएटिव्ह अँड नेटवर्क ही संस्था न्यू जर्सीतलीच आहे, तिथे विचारा. मराठीच हवा असा हट्ट नको, उलट ओळखीत बातमी फुटेल या भीतीने बरेच जण मुद्दाम गुजराती किंवा तेलुगू काउन्सेलर निवडतात आणि मोकळं बोलतात. आई-बाबांना डॉक्टरशी बोलायचं असेल तर हॉस्पिटलकडे दुभाषा मागा, नातवंडांना मध्ये घालू नका, मुलांच्या तोंडून बापाची दारू वदवून घेणं फार वाईट.

आणि वहिनी! दादा तयार होईपर्यंत तिने का थांबायचं? अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंग दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच असतात, ऑनलाइनही असतात, नावही पूर्ण सांगावं लागत नाही. बाबांना पटवायचं तर पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं उदाहरण द्या, १९८६ पासून चालू आहे, तिथेही घरच्यांना बरोबर घेऊनच काम होतं, त्यांना ते आपलं वाटेल.

कोकणी_माणूस
व्हिसाबद्दल. इन्शुरन्सवर उपचार घेतले म्हणून एच-वन-बी जात नाही, आणि व्यसनाच्या ट्रीटमेंटचे रेकॉर्ड तर इथे नेहमीच्या मेडिकल फाइलपेक्षाही कडक कायद्याने जपलेले असतात. खरा धोका दारू पिऊन गाडी चालवण्याचा. नुसती अटक झाली, गुन्हा सिद्ध झाला नाही, तरी व्हिसाचा शिक्का रद्द होऊ शकतो. ग्रीन कार्डच्या मेडिकलला दारूबद्दल विचारतात, तिथे खोटं बोलायचं नाही, पण त्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोलून घ्या. किल्ल्या आजच वहिनीकडे द्या.

ओवी_एडिसन
खूप खूप आभार सगळ्यांचे, रडू आलं वाचून. बाबांना निशिगंधचा मेसेज मोठ्याने वाचून दाखवला, ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले डॉक्टरकडे मी येतो बरोबर. दादा "फक्त लिव्हरसाठी" म्हणून तयार झालाय. डॉक्टरला काय काय सांगायचं?

निशिगंध
रोज किती पितो ते खरं सांगा, कमी करून सांगू नका, शेवटचा पेग कधी घेतला, आधी कधी फिट आली होती का, झोपेच्या गोळ्या घेतो का. तोवर त्याने स्वतःहून एकदम बंद करायचं नाही. फिट आली किंवा असंबद्ध बोलायला लागला तर इमर्जन्सीच्या ९११ वर फोन. आणि कधी जीव नकोसा झालाय असं बोलला तर ९८८ या हेल्पलाइनवर फोन, रात्री-अपरात्री कधीही. वहिनीच्या फोनमध्येही सेव्ह करून ठेवा.