पुढच्या महिन्याचं जेवण: त्या पत्र्याच्या शेडमध्ये?

प्रेषक: सचिव
प्रति: सर्व सभासद

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात नेहमीच्या बफेऐवजी हायवेलगतच्या त्या बार्बेक्यूवाल्याकडे दुपारी जेवूया का? गॅस स्टेशनच्या मागे पत्र्याचं छप्पर आहे ना, तेच. काल आम्ही दोघं जाऊन आलो. लांब लाकडी बाकं, टेबलावर टिश्यूचं अख्खं भेंडोळं, सजावट शून्य. पण मागे पोस्ट ओकची (ओकचाच एक प्रकार) लाकडं रचलेली होती आणि चिमणीतला धूर निळसर, निरखून पाहिला तरच दिसेल इतका पातळ. पांढरा दाट धूर असता तर मी गाडीतून उतरलोच नसतो. लाकूड नीट पेटलं नाही की मांस कडवट होतं.

इथली खासियत ब्रिस्केट, म्हणजे बीफ. आधीच सांगतो, ज्यांना पुढचं वाचायचं नाही त्यांनी वाचू नये. हा छातीचा भाग, जनावराचा भार पेलणारा, म्हणून मुळात चिवट. ११०-१२० अंश सेल्सिअसच्या धगीत दहा-बारा तास राहिला की त्यातल्या कोलॅजेनचं, म्हणजे चिवट तंतूंचं, मऊ जिलेटिन होतं. कापणारा विचारतो, "मॉइस्ट की लीन?" मॉइस्ट म्हणजे चरबीचा वरचा स्नायू, लीन म्हणजे खालचा सपाट. अर्धं-अर्धं मागा. त्याने एक काप बोटावर आडवा टाकून दाखवला. दोन्हीकडून लोंबला, तुटला नाही. हलकेच ओढला तेव्हा कुठे सुटला. वरची काळी खरपूस कड मी बायकोच्या ताटातलीही पळवली.

ताट म्हणजे काय, ट्रेवर पसरलेला कागद. सोबत पांढरा ब्रेड, कच्चा कांदा, लोणच्यातली काकडी. मध्य टेक्सासातली ही पद्धत जर्मन आणि चेक खाटकांच्या दुकानांतून आली. ते मांस धुरावून कागदात बांधून विकायचे, गिऱ्हाईक तिथेच उभ्याने खायचं.

कळवा.


प्रेषक: विद्यार्थी सभासद

दादा, मी येणार! फक्त फोटो घरी पाठवला तर आई म्हणतेय, कडेला गुलाबी आहे, कच्चं दिसतंय. तिला काय सांगू?


प्रेषक: सचिव

कच्चं नाही रे. लाकडाच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड मांसातल्या मायोग्लोबिनला (मांसाला लाल रंग देणारं प्रथिन) चिकटतो, म्हणून कडेला तो गुलाबी पट्टा राहतो. आतलं तापमान ९५ अंशांच्या आसपास गेलेलं असतं. आईला निर्धास्त राहायला सांग.


प्रेषक: कार्यक्रम समिती

सचिवसाहेब, वर्णन झकास, पण सभासदांची यादी एकदा डोळ्यांखालून घाला. निम्मे शाकाहारी, उरलेल्यांतले बरेच बीफ खात नाहीत. त्यांनी काय तुमच्या बायकोसारखं ताट राखत बसायचं? आणि "साइड्स आहेत की" असं म्हणू नका, गेल्या वेळी कुठल्याशा दुकानात बीन्समध्ये मांसाचे तुकडे निघाले होते.


प्रेषक: सचिव

ताई, बरोबर आहे तुमचं. बीन्स शाकाहारी धरायच्याच नाहीत, त्यात ब्रिस्केटचा चुरा जातो. कोलार्डची पालेभाजी बहुतेक ठिकाणी डुकराच्या हाडावर शिजते. कॉर्नब्रेडमध्ये लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, असू शकतं आणि फ्राइज बीफच्या चरबीत तळलेल्या असू शकतात. मॅक अँड चीज, कोलस्लॉ, बटाट्याचं सॅलड जरा बरं, पण अंडं न खाणाऱ्यांनी शेवटची दोन्ही विचारूनच घ्यावीत, मेयोनेझ असतं.

बीफ नको त्यांच्यासाठी टर्की, चिकन आणि पोर्क रिब्ज आहेत. सॉसेज मात्र टाळा. पोर्कचं म्हणतात त्यातही बीफ मिसळलेलं असू शकतं.


प्रेषक: माजी अध्यक्ष

सचिवांनी सॉसबद्दल चकार शब्द काढला नाही! टेक्सासवाल्यांची ही मिजास मला ठाऊक आहे. टेक्सासातल्या लॉकहार्टचं क्राइट्स मार्केट हे बार्बेक्यूचं दुकान १९०० पासून चालू आहे, तिथे कित्येक दशकं सॉसही नव्हता आणि काटेही नव्हते.

माझी उमेदीची वर्षं नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात गेली. तिथे बार्बेक्यू म्हणजे अख्खं डुक्कर, वर व्हिनेगर आणि मिरची, टोमॅटोचं नाव काढायचं नाही. पश्चिमेला लेक्सिंग्टनकडे गेलात की फक्त खांदा भाजतात आणि व्हिनेगरमध्ये थोडं केचप शिरतं. तेवढ्यावरून माणसं हमरीतुमरीवर येतात. साउथ कॅरोलायनात मोहरीचा पिवळा सॉस. कॅन्सस सिटीचा मोलॅसिसवाला दाट गोड सॉस मला जॅमसारखा लागतो, पण नातवंडं तोच मागतात. व्हिनेगरची बाटली मी घरून आणेन.


प्रेषक: सचिव

काका, बाटली जरूर आणा, पण पहिला घास कोरडा खा, एवढी विनंती.

आणि सगळ्यांनी अकराला पोचा. मांस आदल्या रात्रीच चुलीवर चढतं, संपलं की त्या दिवशी नवीन होत नाही. आम्ही एकच्या सुमारास निघालो तेव्हा फळ्यावरचं 'रिब्ज' पुसलं गेलं होतं.


प्रेषक: कार्यक्रम समिती

टर्की कापायला वेगळा चाकू आणि वेगळी फळी मिळेल का, हे दुकानात विचारून या, फोनवर नको. मिळणार असेल तर मी नावं घ्यायला लागते. शाकाहारी मंडळींचे डबे माझ्याकडे, बाहेरचं खाणं चालेल का तेही त्याच फेरीत विचारा.