ठेका धरायचा की ताल?

प्रश्न : आमच्या चरईच्या भजनी मंडळात परवा जुंपली. मी म्हणाले, "गाणं ऐकता ऐकता पायाने ठेका धरला." एक काकू लगेच, "ठेका तबलजीचा. ऐकणाऱ्याने धरायचा तो ताल!" कोण बरोबर?

उत्तर : काकूंचं निम्मं बरोबर. तबल्यात ठेका म्हणजे तालाचे ठरलेले बोल. दादरा या तीन-तीन मात्रांच्या तालाचा 'धा धी ना, धा ती ना'. पण तबलजी ठेका वाजवतो किंवा देतो. पायाने, मानेने, मांडीवर बोटांनी धरतो तो श्रोताच. ताल धरणं बहुतेक हाताचं, टाळीचं. ('समाज सुधारायचा ठेका घेतलाय का' हा ठेका कंत्राटाचा, तो इथे नको.)

आणखी एक उत्तर : मला 'धरणे' हे क्रियापदच आवडतं. ताल, ठेका, भोंडल्यातला फेर, सगळं आपण धरतो. कानावर पडतं आणि अंगाने धरावं लागतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या जेसिका फिलिप्स-सिल्व्हर आणि लॉरेल ट्रेनर यांचा २००५चा प्रयोग आठवला. सात महिन्यांच्या बाळांना एक ठेका ऐकवला, कुठल्याच ठोक्यावर जोर नसलेला. ऐकवताना काहींना दर दुसऱ्या ठोक्याला झुलवलं, काहींना दर तिसऱ्या. नंतर तोच ठेका जोर देऊन वाजवला, तर ज्याला जसं झुलवलं होतं तशा जोराचा ठेका ते बाळ जास्त वेळ ऐकत राहिलं. डोळे बांधले तरी हेच. नुसतं दुसऱ्याला झुलताना पाहिलं तर मात्र काही नाही. बाळाला मांडीवर नाचवत बडबडगीत म्हणणाऱ्या आज्या उगाच नाचवत नव्हत्या म्हणायच्या.

प्रश्नकर्ती : आज वाशी लोकलमध्ये करून पाहिलं. डोक्यावरचा पंखा टक-टक-टक करत होता, अगदी एकसारखा. ऐरोलीपर्यंत दर तिसऱ्या टकला मान हलवली, चक्क दादरा! मग दोन-दोनवर अंगठा आपटायला लागले तर तोच पंखा लेझीमसारखा वाजायला लागला. पंखा बिचारा तोच. समोरची बाई मात्र घणसोलीला जागा बदलून बसली.

काकूंना फोन करून सांगितलं. म्हणाल्या, "बघ, ठेका पंख्याचा. तू धरलास तो ताल!"