प्रतिसाद: एकपडदा थिएटरवाल्यांनी मिळून प्रोजेक्टर घ्यावेत
थिएटरवाल्यांनी एकत्र खरेदी केली की प्रोजेक्टर स्वस्त पडेल, हा मूळ पोस्टमधला मुद्दा मान्य. पण अमेरिकेतल्या छोट्या थिएटरांच्या ‘सिनेमा बाइंग ग्रुप’ने त्यापुढची घासाघीस केली: डिजिटल प्रोजेक्टरमुळे वितरकाचा फिल्मच्या प्रिंटा काढायचा खर्च वाचतो, तर त्यातला वाटा दर सिनेमामागे आम्हाला द्या.

आपल्याकडे कोकणात आणखी एक दुखणं, खारी हवा. मालवणात एका ओळखीच्या थिएटरात प्रोजेक्टर उघडलेला पाहिला, बोर्डावरचे जोड हिरवेगार! त्यात पावसाळ्यात लाइटचा खेळखंडोबा. प्रोजेक्टरचा झेनॉन दिवा विझल्यावरही तो गार व्हायला पंखा काही वेळ फिरावा लागतो, आणि लाइट गेली की पंखाही थांबतो. वर्गणी काढायचीच तर आधी यूपीएस, केबिनचा एसी आणि चिपळूण-कणकवली पट्ट्यात सामाईक मेकॅनिक यांसाठी काढा. मुंबईहून माणूस येईपर्यंत शनिवार-रविवार बुडालेला असतो.